भिंतीवरचा तेलाचा डाग

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे भिंतीला चुना काढला. दिवाळी तोंडावर आली होती. आमच्या पडवीची बाहेरची, आळीच्या अंगाची भिंत तेवढी राहिली होती. मी शिडीवर आणि ती खाली बादली ढवळत उभी.

"चुन्यात मीठ घातलंत?"

"घातलं."

"कधी? माझ्या डोळ्यांसमोर तर नाय घातलंत."

"तू काय मिठावर पहारा करत्येस?"

"नका घालू. लागू दे येणाऱ्याजाणाऱ्याच्या कपड्यांना. शिव्या मलाच पडायच्यात, तुम्हाला कोण देतोय!"

मीठ मी घातलं नव्हतं. मिठाचा डबा आत फडताळात, आणि शिडीवरून उतरायचा मला कंटाळा आला होता. चुन्यात मीठ नसलं की तो सुकला तरी अंगाला लागतो, हे काय मला ठाऊक नव्हतं असं नाही.

त्या भिंतीवर तिच्या डोक्याचा डाग होता. संध्याकाळची कामं आवरली की ती दाराबाहेरच्या दगडावर बसायची आणि डोकं मागे भिंतीला टेकायची. खोबरेल चपचपीत लावायची. लग्न करून आली तेव्हापासून तीच जागा, तेच तेल. ताटलीएवढा पिवळट काळा गोल पडला होता.

"तिथं आणखी एक हात मारा," ती म्हणाली. "माणूस आला की आधी तिकडंच बघतो. लाज वाटते."

मी आणखी एक हात मारला. डाग गेला. ती लांब आळीच्या दुसऱ्या कडेला जाऊन उभी राहिली, मान वाकडी करून बघितलं आणि "बरं झालं" म्हणाली.

संध्याकाळी ती जागेवर बसली, पण भिंत ओली म्हणून टेकली नाही. आमच्या समोरच्या घरात भाभी राहतात. मुसलमान, माझ्या बायकोपेक्षा दोनतीन वर्षांनी मोठ्या, नवरा बोटीवर होता तो मागेच वारला. त्यांची पायरी आणि आमचा दगड समोरासमोर. दोघी बसल्या की मधून जाणाऱ्याला साडी नाहीतर ओढणी सांभाळूनच पाय टाकावा लागायचा. भाभी तारल्या, बारके मासे, साफ करत होत्या. हिच्याकडे बघून हसायला लागल्या.

"बाय, आज काय गो ताठ? पलटणीत भरती झालीस काय?"

"भिंत ओली हाय. यांनी मीठ घातलं नाय चुन्यात."

"मग आता उद्यापर्यंत अशीच बस. पाठीला बरं असतं."

उद्या ती उठलीच नाही. पहाटे पाणी येतं म्हणून मी हाक मारली, मग हलवलं. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेली, तिला कळलंसुद्धा नसेल. हे त्यांना कुठून कळलं मी विचारलं नाही.

आमची आळी अशी आहे की दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं खांदा वळवायचा. तिरडी न्यायची म्हणजे एका बाजूच्या माणसांना भिंतीला घासून जावं लागतं. आमच्या दारातून तिला उचललं, पाखाडीच्या पायऱ्या चढून वरच्या रस्त्याला नेलं. स्मशानात पोचल्यावर मी बघितलं, उजव्या अंगाला खांदा दिलेल्या सगळ्यांच्या बाहीवर पांढरा चुना. कोणाच्या ध्यानात नव्हतं. मी उभा राहून त्या पांढऱ्या बाह्या बघत होतो. तिनं सांगितलेलं खरं झालं आणि शिव्या द्यायला कोणी नव्हतं.

माझी शाळा चौथीपर्यंत. मिरजोळ्याला एका कारखान्यात पॅकिंगच्या कामावर जन्म गेला. लिहायची सवय नाही, पण ही आळी आता राहणार नाही तशी, म्हणून लिहून ठेवतो.

वरच्या रस्त्यावरून जांभ्याच्या पायऱ्या उतरल्या की आळी सुरू होते. गाडी आत येत नव्हती, त्यामुळे ती रस्ता म्हणून कधी नव्हतीच. ती आमची बाहेरची खोली होती. चैत्र-वैशाखात आमसुलं तिथंच वाळत. चटई कोणाची, आमसुलं कोणाची, जाता जाता जो येईल तो हात घालून उलटीपालटी करायचा, आणि आभाळ आलं तर ज्याला आधी दिसेल त्यानं ओरडायचं. मग सगळ्या घरांतून माणसं धावत सुटायची आणि हाताला लागेल ती चटई कोणाच्याही घरात टाकायची. पाऊस उघडल्यावर आपापली आमसुलं शोधत फिरा. कोळीण टोपली घेऊन यायची ती आळीच्या मधोमध बसायची, तिला दोन्हीकडून गिऱ्हाईक. मी पाळी संपवून आलो की आधी तिच्या टोपलीला वळसा घालायचा, मग भाभींच्या पायाला, मग बायकोच्या पायाला, तेव्हा कुठं घरात.

"आलात? चहा ठेवू?" ती बसल्याबसल्याच विचारायची.

"ठेव."

"जरा बसते. तुम्हीच ठेवा. दोन कप जास्त ठेवा."

एक तिचा, एक भाभींचा. हे असं वर्षानुवर्षं.

ती गेल्यावर पोरगी सासरहून, पावसहून आली होती, महिनाभर राहिली. चला माझ्याकडे म्हणाली. मी नाही म्हटलं. ती गेली आणि घर अगदी गप्प झालं. मी संध्याकाळी पडवीत आत बसू लागलो. बाहेर दगडावर बसायचं धाडस होत नव्हतं. भिंतीला पाठ लावून आतल्या अंगाला बसायचो, दिवा न लावता.

तिथं बसून मला पहिल्यांदा ऐकू आलं. भाभी बाहेर बोलत होत्या.

"आज बांगडा काय स्वस्त झाला गो. मी जास्तच घेतला."

मग गप्प. जेवढा वेळ समोरच्या बाईला उत्तर द्यायला लागेल तेवढा वेळ.

"तर काय! मीठ लावून ठेवलाय अर्धा."

परत गप्प. मग हसल्या.

उठून बघितलं, आळीत कोणी नव्हतं. भाभी आपल्या पायरीवर, विळीवर मासे, आणि बोलणं आमच्या रिकाम्या दगडाकडे बघून. मी दिसलो तर थांबतील म्हणून मागे सरलो.

नंतर रोज ऐकायला लागलो. भाभी दर संध्याकाळी बोलायच्या. मुलाचा फोन आला, गुडघा ठणकतोय, वरच्या इमारतीत नवीन भाडेकरू आले, त्यांची बाई स्कूटर लावते पायरीला टेकवून. भिंतीच्या आत मी, बाहेर त्या, आणि मधली जागा मोकळी. त्या गप्प बसल्या की त्या मोकळ्या वेळात बायको काय म्हणाली असेल ते मला ऐकू यायचं. तंतोतंत यायचं. "भाभी, त्या बाईला सांग, स्कूटरला वर जागा हाय." एकदा मी तोंडानं बोलणारच होतो, जीभ चावली. वेड लागलं असं कोणाला वाटलं असतं तर वाटू दे. दिवसभर मी त्या वेळेची वाट बघायचो.

शिमगा जवळ आला तसं गरम व्हायला लागलं. एक दिवस मी बाजारातून येत होतो, दाराशी पोचलो आणि पिशवी हातातून पडली.

डाग वर आला होता.

आधी फिकट, चहा सांडल्यासारखा. पाचसहा दिवसांत पूर्वीएवढा झाला, तोच गोल, तीच जागा. दर वर्षी चुन्यातून तो वर यायचाच, पण मला वाटायचं ती परत टेकते म्हणून येतो. यंदा कोण टेकलं होतं? तेल भिंतीत मुरलेलं असतं, थंडीत थिजतं, उन्हात पाझरतं, हे मला कळतं. कळतं म्हणून काय झालं! मी बोट लावून बघितलं. बोटाला वास आला.

त्याच दिवसांत भाभींचा मुलगा आखातातून सुट्टीवर आला. चांगला मुलगा आहे, आमच्याच अंगणात वाढला म्हणा. संध्याकाळी माझ्याकडे आला, खजुराचं पाकीट ठेवलं आणि विषय काढला. आळीत गाडी यायला हवी. पायऱ्यांच्या जागी उतार करायचा, काँक्रीट घालायचं. दोन घरं पुढे आली आहेत, त्यांनी दोन दोन फूट मागं घेतलं की झालं. एक घर तयार आहे.

"आणि दुसरं माझं," मी म्हटलं.

"काका, दोन फूटच मागतोय."

"दोन फुटात माणूस बसतो."

"अम्मीला दवाखान्यात न्यायचं तर खुर्चीत घालून चौघं लागतात. गुडघे गेले, चढताना दम लागतो. मी तिकडे असतो. उद्या कोणी चौघं मिळाले नाही तर?"

मी म्हटलं, "भिंत पाडायची नाही." त्यानं कारण विचारलं. मी कारण दिलं नाही. काय सांगणार, तेलाच्या डागासाठी? तो उठला, खजूर तिथंच राहिला. त्याच्यानंतर आळीतले आणखी दोघं बोलायला आले, त्यांना मी दारातूनच परत पाठवलं. मागून एक जण म्हणाला ते मला ऐकू आलं, "म्हाताऱ्याला कोणासाठी ठेवायचीय एवढी भिंत!"

भाभी मात्र एका शब्दानं बोलल्या नाहीत. त्यांच्यासाठी सगळं चाललेलं, आणि त्या संध्याकाळी आपल्या नेहमीच्या बोलत, मासे, ऊन, डास. रस्त्याचं नाव नाही.

शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी आळीत आली. आमचं वर्ष सरलं नव्हतं, म्हणून ओटी भरायची नव्हती, पालखी दारावरून पुढे जाणार होती. बायका तबकं घेऊन कडेला उभ्या होत्या. आमच्या आळीतली सगळ्यात थोरली काकू, नव्वदीला टेकलेली, ती नेमकी आमच्या भिंतीशी उभी होती. तिनं डाग बघितला. तिचे डोळे भरून आले.

"सवाष्ण गेली गो पोर माझी," म्हणाली, आणि तबकातलं हळदकुंकू बोटावर घेऊन डागाला लावलं.

एकीनं लावलं म्हणून दुसरीनं लावलं. मी दारात उभा होतो, ढोल वाजत होते, मला रडू येत होतं.

दुसऱ्या दिवशी तिथं फूल होतं. मग उदबत्ती. वरच्या इमारतीतली स्कूटरवाली बाई सकाळी कामाला जाताना चप्पल काढून हात जोडायला लागली. तिला काय माहीत, ती नवीन. एकदा मला बघून तिनं विचारलं, "आजोबा, ही कुठली देवी?"

"माझी बायको," मी म्हटलं.

ती हसली. म्हाताऱ्यांची थट्टा असेल असं तिला वाटलं. परत हात जोडून गेली.

शेजारच्या घरातला, माझ्याच वयाचा, मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुझं काम झालं. आता शेंदूर लाव, एक घंटा टांग. कोणाची छाती होते बघू भिंतीला हात लावायची."

"तिला शेंदूर?" मी म्हटलं. "ती काय होती तुला माहीत नाही? तुझी कोंबडी आमच्या आमसुलांवर फिरली तेव्हा तुझ्या सात पिढ्या काढल्या होत्या तिनं."

"म्हणूनच सांगतोय. जागृत होती."

आम्ही दोघं हसलो. पण घरात आलो आणि विचार करत बसलो. तो म्हणत होता ते खरं होतं. रस्त्यासाठी घरं मागं जातात, दुकानं जातात, देव जागेवर राहतो आणि रस्ता वळसा घेतो. आपल्या रत्नागिरीतच किती ठिकाणी बघितलंय. मला फक्त गप्प बसायचं होतं. मी गप्प बसलो. उदबत्ती लावणाऱ्याला लावू दिली. कोणीतरी नारळ ठेवला, ठेवू दिला. भिंत वाचली असं मी धरूनच चाललो.

मग एका संध्याकाळी आवाज आला नाही.

मी नेहमीसारखा आत बसलो होतो. वाट बघितली. भाभींच्या दाराची कडी वाजली नाही, विळीचा आवाज नाही. वाटलं बरं नसेल. दुसऱ्या संध्याकाळीही तेच. तिसऱ्या संध्याकाळी मी उठलो आणि आळी ओलांडून त्यांच्या दारात गेलो. आयुष्यात कितीदा गेलो असेन, पण ती गेल्यापासून पहिल्यांदा.

भाभी आत, मोरीशी वाकून मासे साफ करत होत्या. उजेड नाही, गुडघा अवघडलेला.

"बाहेर का नाही बसलात?"

"आत बरं पडतं."

"काय बरं पडतं? नीट दिसतंय तरी काय?"

त्यांनी हात थांबवला नाही. "ती वरची बाई येऊन गेली. नीटच बोलली हो, वाईट नाय बोलली. म्हणाली, आंटी, समोर देवीचं स्थान हाय, इथं मासे नका करू. बरोबर हाय तिचं. देवासमोर कोण मासे करतंय?"

मी खाली बसलो, त्यांच्या उंबऱ्यावरच.

"भाभी, तिथं देवी नाही. तिथं तुमची मैत्रीण डोकं टेकायची."

"मला सांगताव? तिच्या तेलात माझे मासे तळून झाले असते." आणि मग त्यांचा आवाज बदलला. "पण आता ती माझ्याकडं बघत नाय भाऊ. कुंकू, फुलं, नारळ. मी बोलायला गेले तर जीभच वळत नाय. देवीला काय सांगू, बांगडा स्वस्त हाय म्हणून?"

मी म्हणालो, "मी ऐकायचो. आत बसून."

"माहीत हाय. तुमचा खोकला येतो भिंतीतून."

मुलगा बाहेर गेला होता. मोरीत नळ ठिबकत होता.

"भिंत पाडतो," मी म्हटलं.

भाभींनी आता हात थांबवला. "माझ्यासाठी पाडू नका. मला खुर्चीतनं जायची सवय झाल्येय. वरनं आळी चांगली दिसते."

"तुमच्यासाठी नाही पाडत. नुसतं पुसलं तर परत कुंकू लावतील."

"गाडी आली की आपल्याला बाहेर बसायला मिळायचं नाय. माहीत हाय ना? हॉर्न मारतील. माझाच पोरगा मारील पहिला."

"माहीत आहे."

"मग पाडा," त्या म्हणाल्या. "पण एकदा मला नीट बसू द्या बाहेर. मग पाडा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बादली आणि फडकं घेऊन बाहेर आलो. स्कूटरवाली बाई नुकतीच उदबत्ती लावून निघत होती. मी फडकं ओलं करून कुंकू पुसायला लागलो तशी ती घाबरली.

"आजोबा, काय करताय? पाप लागेल!"

"लागू दे. बायको माझी आहे, मी बघून घेईन."

ती बघत राहिली. मग तिला कळलं असावं. तोंडावर हात नेला, चप्पल घातली आणि पायऱ्या चढून गेली. फुलं मी परसातल्या झाडाच्या मुळाशी टाकली. नारळ फोडला, अर्धा भाभींच्या पायरीवर ठेवला, कालवणाला. कुंकू पुसलं तसा बिनमिठाचा चुनाही फडक्याला येत होता. डाग मात्र हलला नाही.

भाभी आल्या. मुलानं धरून पायरीवर बसवलं, विळी दिली, ताट दिलं. मी आमच्या दगडावर बसलो, तिच्या जागेवर. मागं टेकलो. ती माझ्याहून बुटकी, डाग माझ्या मानेशी आला. भिंत थंड होती. भाभींनी एकदा वर बघितलं, माझ्याकडे नाही, माझ्या मानेच्या जरा बाजूला.

"आज तारल्या आणल्यायत गो," त्या म्हणाल्या.

गप्प झाल्या. तो मोकळा वेळ आला. मी तो भरला नाही. कोळीण उतरून आली, टोपली मधे ठेवली, आम्हा दोघांकडे बघून पदरानं तोंड पुसत बसली. एक माणूस खांदा वळवून गेला. असं बरंच चाललं. ताटातल्या निम्म्या तारल्या साफ झाल्या असतील.

मग मी उठलो. आतून पहार आणली. मुलगा पुढं झाला, "काका, मी माणसं लावतो, तुम्ही नको." मी त्याला म्हटलं, "तू अम्मीपाशी उभा राहा." शिडी लावली, वरच्या चिऱ्याच्या सांध्यात पहार घातली आणि दाबली. जुना गिलावा, लगेच सुटला. चिरा खाली आला तसा चुन्याचा लोट उठला आणि आळीभर पसरला.

"थांबा वो," भाभी ओरडल्या. "मासे झाकू द्या."

मी थांबलो. त्यांनी ताटावर टोपली पालथी घातली, ओढणी नाकावर घेतली आणि मान हलवली.

मग मी दुसऱ्या चिऱ्याला पहार लावली.